महाराष्ट्र क्रिकेट संघाची रणजी विजेतेपदाची प्रतीक्षा

महाराष्ट्र क्रिकेट संघ हा भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेट खेळणारा एक जुना संघ असून तो महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अधिपत्याखाली रणजी करंडक स्पर्धेत भाग घेतो. या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्याला एकदाही हे विजेतेपद मिळालेले नाही. मधल्या काळात संघ १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीन वेळा अंतिम सामन्यात पोहोचला व तिन्ही वेळा पराभूत झाला. ८० हून अधिक हंगामांची ही प्रतीक्षा, तिची कारणे आणि पुण्यापासून दूर असलेल्या मराठवाड्यासारख्या भागातील समर्थकाच्या दृष्टीने तिचा अर्थ यांचा आढावा या लेखात घेतला आहे.

== संघाचे कार्यक्षेत्र ==

संघाचे नाव 'महाराष्ट्र' असले तरी तो संपूर्ण महाराष्ट्र राज्याचे प्रतिनिधित्व करत नाही. राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात. मुंबई आणि तिच्या परिसराचा संघ वेगळा आहे, विदर्भाचा संघ वेगळा आहे, आणि पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा व कोकणाचा उरलेला भाग मिळून 'महाराष्ट्र' संघ बनतो. ही विभागणी राज्याच्या निर्मितीपेक्षा जुनी आहे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची स्थापना १९३४ साली झाली व त्याच वर्षी रणजी करंडक स्पर्धेलाही आरंभ झाला. मराठी भाषकांचे राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले.

या रचनेमुळे संघाच्या समर्थकाची स्थिती काहीशी विलक्षण आहे. मुंबईने २०२३-२४ पर्यंत ४२ वेळा रणजी करंडक जिंकला आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये तो जिंकला. म्हणजे राज्यात करंडक वारंवार येतो, पण ज्या संघाला राज्याचे नाव आहे त्याच्याकडे तो येत नाही.

== विजेतेपदाची दोन वर्षे ==

संघाच्या यशाचा काळ प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाशी निगडित आहे. पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या देवधरांचा जन्म १८९२ सालचा. संघाने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठेचाळिशी गाठली होती. १९३९-४० च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताचा १० गडी राखून पराभव केला. पुढच्या वर्षी मद्रास येथे मद्रास संघावर ६ गड्यांनी विजय मिळवून करंडक राखला. त्याच हंगामात मुंबईविरुद्धच्या सामन्यात देवधरांनी २४६ धावा केल्या. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिले होते.

या संघातील विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. मात्र लवकरच ते बडोद्याकडे गेले आणि बडोद्याने १९४२-४३ मध्ये रणजी करंडक जिंकला. संस्थानिकांच्या आश्रयाने खेळाडूंना नोकरी व स्थैर्य मिळण्याचा तो काळ होता. महाराष्ट्र संघाला असा राजाश्रय नव्हता. तयार झालेला खेळाडू अन्यत्र जाणे ही पुढे अनेकदा दिसलेली गोष्ट अशी विजेतेपदाच्या काळातच सुरू झाली.

== १९४८-४९ चा हंगाम ==

वैयक्तिक पराक्रम आणि सांघिक अपयश यांची सांगड या संघाच्या इतिहासात वारंवार दिसते. तिचे सर्वांत ठळक उदाहरण १९४८-४९ चा हंगाम होय.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तत्कालीन विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झालेली असताना काठियावाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. निंबाळकरांना विक्रमाशी बरोबरी करण्यास ९ धावा कमी पडल्या. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतील ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. तरीही निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना खेळण्याची संधी कधीच मिळाली नाही.

त्याच हंगामात मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ व ८ बाद ७१४ (डाव घोषित), तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. सामन्यात एकूण २,३७६ धावा व नऊ शतके झाली. प्रथम श्रेणी सामन्यातील एकूण धावांचा हा विक्रम अद्याप अबाधित आहे. दोन डावांत मिळून हजाराहून अधिक धावा करूनही महाराष्ट्राचा ३५४ धावांनी पराभव झाला.

== तीन अंतिम सामने ==

=== १९७०-७१ ===

मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. ही मालिका खंडित होण्याची शक्यता १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात निर्माण झाली होती. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे मुंबईचे प्रमुख खेळाडू भारतीय संघासोबत वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. उरलेल्या मुंबई संघाचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे होते. तरीही मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. प्रतिस्पर्ध्याची पहिली फळी उपस्थित नसताना झालेला हा पराभव दोन्ही शहरांच्या क्रिकेटमधील अंतर दाखवणारा ठरला. मुंबईची दुसरी फळीदेखील कांगा लीग आणि कार्यालयीन स्पर्धांतून घडलेली होती.

=== १९९२-९३ ===

सुरेंद्र भावे, शंतनू सुगवेकर, संतोष जेधे यांच्यासारखे फलंदाज असलेल्या पिढीने महाराष्ट्राला पुन्हा अंतिम फेरीत नेले. लुधियाना येथे पंजाबने महाराष्ट्राचा १२० धावांनी पराभव करून आपले पहिले रणजी विजेतेपद मिळवले. याच पिढीतील सुगवेकर यांनी १९८८-८९ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध नाबाद २९९ धावा केल्या होत्या. समोरचे सर्व फलंदाज बाद झाल्याने त्यांचे त्रिशतक एका धावेने हुकले.

=== २०१३-१४ ===

या हंगामात महाराष्ट्र 'क' गटातून बाद फेरीत आला. उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडे मैदानावर मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या व महाराष्ट्राला २८० धावांत रोखले. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडलेल्या संघाने मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत गुंडाळला आणि २ बाद २५२ धावा करून ८ गड्यांनी विजय मिळवला. केदार जाधव व विजय झोल नाबाद राहिले. उपांत्य सामन्यात बंगालला पहिल्या डावात ११४ धावांत बाद करून महाराष्ट्राने १० गडी राखून विजय मिळवला.

हैदराबाद येथील अंतिम सामन्यात महाराष्ट्राच्या ३०५ धावांना कर्नाटकाने ५१५ धावांनी उत्तर दिले. महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ धावा केल्या, परंतु कर्नाटकाने ३ बाद १५७ धावा करून ७ गड्यांनी करंडक जिंकला. केदार जाधव यांनी त्या हंगामात १,२२३ धावा केल्या व ते स्पर्धेतील सर्वाधिक धावा करणारे फलंदाज ठरले.

== विक्रम आणि गुण ==

रणजी करंडकाच्या गुणपद्धतीत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात, तर एक डाव राखून किंवा १० गड्यांनी मिळवलेल्या विजयाला १ अतिरिक्त गुण मिळतो. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ व दुसऱ्या संघाला १ गुण मिळतो. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निर्णय होतो. या पद्धतीत प्रचंड धावसंख्या उभारणे पुरेसे नसते; प्रतिस्पर्ध्याचे २० गडी बाद करणे आवश्यक असते. महाराष्ट्राच्या अनेक हंगामांचे गणित येथेच बिघडलेले दिसते.

२०१६-१७ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) व अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या वेळी रणजी करंडकातील ही सर्वांत मोठी भागीदारी होती व तिने विजय हजारे व गुल महंमद यांचा १९४६-४७ मधील ५७७ धावांचा विक्रम मोडला. तेव्हा प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तिच्यापुढे केवळ कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांची २००६ मधील ६२४ धावांची भागीदारी होती. महाराष्ट्राने २ बाद ६३५ धावांवर डाव घोषित केला. दिल्लीने ऋषभ पंतच्या ३०८ धावांच्या बळावर ५९० धावा केल्या व सामना अनिर्णित राहिला. या विक्रमी खेळातून महाराष्ट्राला ३ गुण मिळाले.

त्या हंगामात सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर खेळवले गेले होते. त्यामुळे महाराष्ट्र आणि दिल्ली यांच्यातील हा सामना मुंबईत झाला. संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठी भागीदारी घडली तेव्हा तो घरच्या मैदानावर नव्हता. त्रयस्थ मैदानांची ही पद्धत पुढच्या हंगामात बंद करण्यात आली.

== मराठवाडा आणि संघ ==

महाराष्ट्र संघाने आपली दोन्ही विजेतेपदे मिळवली तेव्हा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या काळातील हैदराबाद संघानेही १९३७-३८ मध्ये रणजी करंडक जिंकला होता. त्यामुळे मराठवाड्यातील समर्थकाच्या वाट्याला महाराष्ट्र संघाची प्रतीक्षा आली, पण संघाच्या विजेतेपदाची स्मृती आली नाही. पुण्यातील जुन्या घरांत देवधरांच्या आठवणी सांगितल्या जात, तशी परंपरा येथे तयार होण्यास वाव नव्हता.

छत्रपती संभाजीनगर ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे २३५ किलोमीटर आहे. शहराच्या गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल असून मराठवाड्यातील शालेय व विभागीय स्पर्धांचे ते एक प्रमुख केंद्र आहे. मात्र महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मुख्य मैदान पुण्याजवळ गहुंजे येथे आहे. गारखेड्यासारख्या वस्तीत क्रिकेट शिकणाऱ्या मुलाला राज्य संघाचे दार ठोठावण्यासाठी बहुधा घर सोडून पुण्यात राहावे लागते. निवास, प्रशिक्षण व प्रवास यांचा खर्च कुटुंबावर पडतो. संघ हरल्यावर समर्थक जो प्रश्न विचारतो तो केवळ निकालाचा नसतो. आपल्या गावचा मुलगा या संघापर्यंत पोहोचू शकतो का, हाही त्यात अंतर्भूत असतो.

अडचणी असूनही मराठवाड्याने संघाला व देशाला उल्लेखनीय खेळाडू दिले आहेत:

* इक्बाल सिद्दिकी – जन्म औरंगाबाद. वेगवान गोलंदाज. डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी सामना.
* अंकित बावणे – जन्म पैठण. अनेक हंगाम संघाच्या मधल्या फळीचा आधार. संघाचे नेतृत्वही केले.
* विजय झोल – जालना. १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा. २०१३-१४ मध्ये रणजी पदार्पणात त्रिपुराविरुद्ध नाबाद २००. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व.
* राजवर्धन हंगर्गेकर – तुळजापूर. २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात समावेश.
* सचिन धस – बीड. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा.

बीड येथे जन्मलेले कसोटीपटू संजय बांगर हे मात्र रेल्वेकडून खेळले. त्या काळात रेल्वेने २००१-०२ व २००४-०५ मध्ये रणजी करंडक जिंकला.

== 'लहान बाजारपेठ' या संकल्पनेशी तुलना ==

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये मोठ्या शहरांच्या संघांपुढे आर्थिक बळात मागे पडणाऱ्या संघांना 'लहान बाजारपेठेचे संघ' म्हटले जाते. पिट्सबर्ग पायरेट्स हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. १९७९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या या संघाने १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम विजयांपेक्षा अधिक पराभव पत्करले. तेथील समर्थकांची तक्रार अशी की, संघ चांगले खेळाडू घडवतो व ते महाग झाले की श्रीमंत संघांकडे जातात. याउलट शिकागो कब्ज हा मोठ्या शहरातील संघ असूनही त्याला १९०८ नंतरच्या विजेतेपदासाठी २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे प्रतीक्षेचे कारण प्रत्येक वेळी पैसाच असतो असे नाही.

रणजी करंडकात खेळाडूंचे सामना-मानधन भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ठरवते व ते सर्व संघांना समान असते. त्यामुळे महाराष्ट्राची उणीव वेतनाची म्हणता येत नाही. मुंबईच्या तुलनेत त्याला कमी पडतो तो सततच्या स्पर्धात्मक क्रिकेटचा दाट पट्टा. मुंबईत मैदाने, क्लब, शाळा आणि कार्यालयीन संघ काही किलोमीटरच्या परिसरात एकवटलेले आहेत. महाराष्ट्र संघाचे खेळाडू नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, जालना, बीड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात.

परंतु हा युक्तिवाद विदर्भाच्या यशापुढे अपुरा पडतो. विदर्भालाही मुंबईसारखी क्लब-परंपरा नव्हती. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व कर्णधार फैज फजल यांच्या काळात या संघाने २०१७-१८ मध्ये इंदूर येथे दिल्लीला ९ गड्यांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी नागपूर येथे सौराष्ट्राला हरवून ते राखले. राजस्थानचे उदाहरणही बोलके आहे. २०१०-११ मध्ये प्लेट गटातून वर येऊन राजस्थानने करंडक जिंकला व २०११-१२ मध्ये तो राखला. दोन्ही वेळा कर्णधार होते हृषिकेश कानिटकर, जे पूर्वी महाराष्ट्राकडून दीर्घकाळ खेळले होते. भौगोलिक अडचण खरी असली, तरी ती अनिवार्य नियती नाही, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

== मर्यादित षटकांच्या स्पर्धा व व्यावसायिक संघ ==

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये महाराष्ट्राने २००९-१० चा सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. २०२२ च्या विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाड यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० धावा केल्या. उपांत्य सामन्यात त्यांनी १६८ व अंतिम सामन्यात १०८ धावा केल्या, तरीही अंतिम सामना सौराष्ट्राने ५ गड्यांनी जिंकला. २०२४-२५ च्या याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने महाराष्ट्राला ६९ धावांनी हरवले.

इंडियन प्रीमियर लीगमध्येही या प्रदेशाचा अनुभव वेगळा नाही. पुणे वॉरियर्स इंडिया (२०११–२०१३) या संघाने ४६ पैकी केवळ १२ सामने जिंकले व तीन हंगामांनंतर तो बंद झाला. रायझिंग पुणे सुपरजायंट संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरला आणि दोन हंगामांचा त्याचा करार तेथेच संपला.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये छत्रपती संभाजी किंग्ज या नावाचा संघ होता. मराठवाड्याच्या राजधानीला अशा स्पर्धेत स्वतःचा संघ मिळाला. मात्र पहिल्या हंगामाचे सर्व सामने गहुंजे येथे झाले. ते विजेतेपद रत्नागिरी जेट्सने मिळवले.

== अलीकडील स्थिती ==

२०१९-२० मध्ये संघाला एलिट 'क' गटात खेळावे लागले. त्यानंतर तो पुन्हा वरच्या गटांत आला. २०२५-२६ च्या हंगामापूर्वी सलामीचे फलंदाज पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आले. खेळाडू महाराष्ट्रातून बाहेर जाण्याच्या जुन्या प्रवाहाच्या ही उलट दिशा होती.

संघाकडे फलंदाजांची कधीच वाण नव्हती. देवधर, हजारे, निंबाळकर, चंदू बोर्डे, हेमंत कानिटकर, भावे, जाधव, बावणे व गायकवाड ही नावे कोणत्याही संघाला भूषणावह ठरावीत अशी आहेत. समर्थकाची खंत याच कारणाने अधिक तीव्र आहे. दुर्बल संघाकडून फारशी अपेक्षा नसते. ज्याच्याकडे विक्रम आहेत पण करंडक नाही, त्या संघाची प्रतीक्षा अधिक बोचते. जिल्ह्यांतील मुलांना घराजवळ प्रशिक्षण व नियमित सामने मिळणे, वीस गडी बाद करू शकणारे गोलंदाज तयार होणे आणि घडलेले खेळाडू संघात टिकणे, या तीन गोष्टींवर तिचा शेवट अवलंबून आहे.

== हेही पहा ==

* रणजी करंडक
* दिनकर बळवंत देवधर
* भाऊसाहेब निंबाळकर
* विदर्भ क्रिकेट संघ
* मुंबई क्रिकेट संघ
* पुणे वॉरियर्स इंडिया